घरी ठेवलेल्या मुलीचा शेवटचा कागद

मी, ओझोएमेना, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा पामतेलाचा घाणा, राहणार उमुओकाला, अनाम्ब्रा राज्य, नायजेरिया, हा कागद स्वखुशीने लिहून ठेवत आहे. 'स्वखुशीने' हा शब्द वकीलबाईंचा. मला खुशी नाही, राग आहे. पण माझ्यावर कोणाचा धाक नाही, कोणी मला काही पाजलेले नाही, आणि माझे डोके जागेवर आहे. गुडघे गेले आहेत, पण या कामाला गुडघे लागत नाहीत असे वकीलबाई म्हणतात.

यापूर्वी मी असा कागद कधी केलेला नाही. माझ्या मागे कोणी भाऊबंदाने माझ्या अंगठ्याचा कागद पुढे केला, तर तो खोटा समजावा. मला सही येते. सहावीपर्यंत शाळेत गेले आहे, त्यानंतर देशात यादवी युद्ध आले.

कलम १. मी कोण.

माझे वडील न्वोकेआबिया. या नावाचा अर्थ 'पुरुष आला'. त्यांच्या जन्माच्या वेळी घरात किती आनंद झाला असेल ते नावावरूनच कळते. माझ्या नावाचा अर्थ 'पुन्हा असे न होवो'. माणूस मेला किंवा घर जळाले की त्यानंतरच्या मुलाला हे नाव ठेवतात. आमच्याकडे कोणी मेले नव्हते. मी चौथी मुलगी होते, एवढेच.

माझी आई उग्बोमा. तिला माझ्यानंतर मूल झाले नाही. आमच्या गावात ज्या पुरुषाला मुलगा नाही त्याची ओबी, म्हणजे अंगणाच्या तोंडाशी असलेली घराण्याची बैठक, तो मेल्यावर भावाकडे जाते, आणि तिच्यामागे जमीनही जाते. आमच्याकडे ती काका म्बानेफो यांच्याकडे गेली असती. काकांना तीन मुलगे होते. ते आमच्या अंगणात येत ते पावलांनी जमीन मोजत. हे मी लहानपणी पाहिलेले आहे, ऐकीव नाही.

माझ्या तिन्ही बहिणींची लग्ने झाली. मी उरले.

कलम २. १९७१ साली काय झाले.

हे कलम मालमत्तेचे नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. मी त्यांना म्हटले, मीच मालमत्ता होते, म्हणून लिहा.

युद्ध संपून वर्ष झाले होते. मी एकोणीस वर्षांची होते. इलोझुए नावाचा सायकली दुरुस्त करणारा एक तरुण मला मागणी घालायला ताडीचे घडे आणि आपली माणसे घेऊन आला. त्याच्या नखांत ग्रीस होते आणि ते लपवायला तो हात मांडीखाली घेऊन बसला होता. मला तो आवडला होता. वडिलांनी ताडीला हात लावला नाही. ते म्हणाले, "घडे परत न्या. ही मुलगी द्यायची नाही."

इलोझुएच्या मामांनी विचारले, "दुसरीकडे शब्द दिलाय का?"

"शब्द नाही दिला. ही घरी राहणार."

सगळ्यांना समजले. घरी राहणार म्हणजे लग्न न करता बापाच्या घरी राहणार, आणि बापाच्या नावाने मुलगा जन्माला घालणार. आमच्याकडे याला न्राची म्हणतात. पाहुणे उठले. घडे डोक्यावर घेऊन ती माणसे ज्या वाटेने आली त्याच वाटेने गेली.

चार दिवसांनी भाऊबंद बसले. बोकड कापला. मला वडिलांच्या खुर्चीत बसवले आणि सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाने सगळ्यांसमोर सांगितले, "आजपासून ही न्वोकेआबियाची मुलगी नाही, मुलगा आहे. ओबी, जमीन, झाडे, सगळ्यावर मुलग्याचा जो हक्क तो हिचा." हजर असलेल्या सगळ्यांनी 'हो' म्हटले. काका म्बानेफो यांनीही म्हटले, फक्त हळू. ते 'हो' या कागदात पुढे लागणार आहे, म्हणून इथे नोंदवून ठेवते.

मला कोणी काही विचारले नाही. आई स्वयंपाकघरात होती. तिने त्या बोकडाचे मटण शिजवले, पण ते खाल्ले नाही.

कलम ३. माझी मुले.

मला तीन मुले. अझुका, उजू आणि आहामेफुला. त्यांच्या बापांची नावे मी लिहीत नाही. पहिला वडिलांनी निवडला, दुसरा मी. दोघेही कामापुरते होते. या मालमत्तेतल्या एका पळीवरही त्यांचा किंवा त्यांच्या घरच्यांचा हक्क नाही.

अझुका झाली तेव्हा वडील ओबीतून बाहेर आले नाहीत. उजू झाली तेव्हा बाहेर आले, दारात उभे राहून "पुन्हा?" एवढेच म्हणाले, आणि परत आत गेले. मी तिला पाजत होते. तिच्या कानावर हात ठेवला. दोन दिवसांच्या पोरीला काय कळणार, पण ठेवला.

१९७८ मध्ये मुलगा झाला. वडिलांनी तोफेचे बार काढले. साऱ्या उमुओकालाला जेवण दिले. नाव त्यांनीच ठेवले: आहामेफुला, 'माझे नाव न हरवो'. माझे म्हणजे त्यांचे. आई माझ्याजवळ बसून रडत होती. लोकांना वाटले आनंदाने रडते. ती माझ्या कानात म्हणाली, "आता तरी सोडतील गं तुला."

सोडले नाही. वडील १९८३ मध्ये समाधानाने गेले. त्यांच्या समाधानाबद्दल मला एवढेच म्हणायचे आहे की ते माझ्या खर्चाने झाले.

कलम ४. घाणा.

आमच्याकडे पामच्या फळाचे तेल पुरुषाचे आणि आतली बी बाईची, अशी जुनी वाटणी. तेलाला भाव, बीला घाम. घरातल्या पुरुषांसाठी मी 'मुलगा' होते, पण तेल काढायची वेळ आली की मी लगेच बाई व्हायचे. मला बियाच मिळाल्या. मी त्या दगडावर दगड ठेवून फोडल्या. पंधरा वर्षे. त्यांतून हाताचा घाणा घेतला, मग डिझेलचे इंजिन, मग रस्त्याकडेची जमीन. ही जमीन वडिलोपार्जित नाही. खरेदीखत माझ्या नावावर आहे, ओका येथे नोंदलेले आहे, आणि त्याची प्रत वकीलबाईंकडे आहे.

हा घाणा, इंजिन, दोन्ही टाक्या, छपरासकट शेड आणि खालची जमीन मी माझ्या मुली अझुका व उजू यांना समसमान देते. अझुकाने चालवावा, कारण तिला इंजिनाच्या आवाजावरून त्याचे दुखणे कळते. उजूने हिशेब बघावा. दोघींनी भांडू नये. भांडल्याच तर मोठ्याने भांडावे आणि त्याच दिवशी संपवावे, मनात ठेवून वडिलांसारखे गप्प बसू नये.

घाण्यावर काम करणाऱ्या सहाही बायकांना काढू नये. त्यांच्यातल्या कोणी बी घरी नेली तर पिशवी तपासू नये.

बी फोडायचे माझे दोन दगड उजूला. वरच्या दगडाला अंगठ्याची खाच पडली आहे. तो फेकू नये, आणि पूजूही नये. दार उघडे राहावे म्हणून अडकवायला चांगला आहे.

कलम ५. या कागदाचे कारण.

माझा मुलगा आहामेफुला न्नेवीला गाड्यांचे सुटे भाग विकतो. सून नेन्ना गुणी आहे. त्यांना दोन मुली. थोरली कोसी एकोणीस वर्षांची, एनुगूला नर्सिंग शिकते. धाकटी बारा वर्षांची. दुसऱ्या बाळंतपणात नेन्नाची पिशवी काढावी लागली. ती जगली, याचा आनंद मी केला. भाऊबंदांनी दुखवटा केला.

गेल्या नाताळात कोसी घरी आली होती. चुलत भाऊ इबेकवे, म्हणजे त्याच म्बानेफो काकांचा मुलगा, हल्ली भाऊबंदांचा म्होरक्या आहे. तो दहा-बारा माणसे घेऊन वडिलांच्या ओबीत येऊन बसला. आहामेफुला यजमान. कोसीला आत बोलावले. मी मागच्या घराच्या ओट्यावर भाजी निवडत होते. दार उघडे होते. मला शब्दन् शब्द ऐकू आला.

इबेकवे म्हणाला, "पोरी, घाबरू नकोस. तुझ्या बापाला मुलगा नाही. उद्या ही ओबी बंद पडेल. तुझ्या आजीने जे केलं ते तू कर. बघ, तिचं काय वाईट झालं? घाणा आहे, घर आहे, मान आहे."

कोसी म्हणाली, "काका, मला अजून दोन वर्षांचं शिक्षण आहे."

"कर की शिक्षण. घरी राहून कर. नर्स गावातही लागते."

"बाबा, तुम्ही काय म्हणता?" तिने विचारले.

मी वाट पाहिली. माझ्या पोटचा मुलगा, ज्याच्यासाठी मला खुर्चीत बसवले होते. तो म्हणाला, "विचार कर बेटा. घाई नाही."

घाई नाही! मी उठले. गुडघ्यांचे मला भान नव्हते. मी ओबीत गेले. पाहुण्यांना मानाने देतात त्या कोला नावाच्या बियांची ताटली इबेकवेसमोर होती. आमच्याकडे घरचा पुरुष यजमान कोला फोडून वाटतो, बाई कोला फोडत नाही. मी ताटलीतला सगळ्यात मोठा कोला उचलला आणि सगळ्यांदेखत फोडला.

इबेकवे ओरडला, "ताई! हे काय करतेस?"

"यजमानाचं काम करतेय. या ओबीचा मुलगा मी आहे. एकाहत्तर साली बोकड खाऊन तुम्हीच केलंत. तुझ्या बापाने 'हो' म्हटलं होतं, मी ऐकलंय."

"ते वेगळं. ते मुलाच्या जन्मासाठी होतं."

"म्हणजे जन्म द्यायला मी पुरुष, आणि कोला फोडायला बाई? एक काय ते ठरव. मी त्रेपन्न वर्षं थांबलेय, अजून थोडं थांबते."

मी कोलाच्या पाकळ्या ताटलीत ठेवल्या आणि ताटली फिरवली. कोणी घेतला नाही. मग कोसीने हात पुढे केला, एक पाकळी घेतली, तोंडात टाकली आणि चावली. कडू होती, तोंड वाकडे झाले, पण तिने गिळली.

मी म्हटले, "माझं काय वाईट झालं, असं विचारलंस ना इबेकवे? ऐक. मला नवरा नव्हता. मुलींच्या लग्नात दोन वेळा विचारलं गेलं, 'यांचा बाप कोण?' आणि दोन्ही वेळा माझ्या वडिलांचं नाव सांगावं लागलं. माझ्या मुलांच्या बापाच्या जागी माझा बाप! सांगताना तुझी जीभ कधी अडखळली नाही, कारण तुला असं सांगावं लागलंच नाही. बास? की अजून?"

तो म्हणाला, "ताई, तुझं वय झालंय."

"झालंय. म्हणून तर आता कोणाला भीत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीने मी कोसीला एनुगूला पाठवले. तिचे दाखले तिच्या बॅगेत, आणि बॅग तिच्या मांडीवर. बापाला आम्ही सांगितले नाही. आईला सांगितले. नेन्नाने वाटेसाठी उकडलेला कंद आणि तिखट बांधून दिले.

कलम ६. ओबी आणि वडिलोपार्जित जमीन.

देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मुलींना बापाच्या मालमत्तेत हक्क आहे असे सांगून दहा वर्षे होऊन गेली. उमुओकालाला हे अजून कोणी कळवलेले दिसत नाही. तरीही मी न्यायालयाच्या आधाराने बोलत नाही. मी भाऊबंदांच्याच शब्दाने बोलते. त्यांनी मला मुलगा केले. मुलग्याचा जो हक्क तो माझा, असे म्हटले. त्या हक्काने मी वडिलांची ओबी आणि अंगण, तसेच ओढ्यापलीकडचे शेत सोडून बाकीची सर्व वडिलोपार्जित जमीन आणि त्यावरची झाडे माझ्या नाती, कोसी आणि तिची धाकटी बहीण, यांना देते.

अटी नाहीत. त्यांनी लग्न करावे, करू नये, इथे राहावे, लंडनला जावे. ओबी विकावी, कुलूप लावावे, नाहीतर त्यात शिवणाचा वर्ग काढावा. मूल व्हावे किंवा होऊ नये. झालेच तर मुलगी व्हावी असेही मी म्हणत नाही. जे होईल त्याला कोणी 'पुन्हा?' म्हणू नये, एवढेच.

मात्र या घरात कोणत्याही मुलीला 'घरी ठेवण्याचा' प्रयत्न झाला, तर त्या दिवसापासून ही सारी मालमत्ता आमच्या घराण्याच्या माहेरवाशिणींच्या मंडळाकडे जावी. त्या बायका बसल्या की उठवता येत नाहीत, हे इबेकवेला माहीत आहे. एका भाऊबंदाच्या मयताला, त्यांचे म्हणणे ऐकले जाईपर्यंत, त्या तीन दिवस बसल्या होत्या.

वकीलबाईंनी बजावले आहे की या कलमावर भाऊबंद कोर्टात जातील. जाऊ देत. तिथे त्यांना शपथेवर सांगावे लागेल की १९७१ सालचा तो विधी खोटा होता. ते एकदा कोणीतरी मोठ्याने म्हणावे, यासाठी मी बरीच वर्षे वाट पाहिली आहे. तेव्हा मी नसेन, पण अझुका ऐकेल.

कलम ७. आहामेफुला.

फेब्रुवारीत आहामेफुला माझ्याकडे आला. कोणी त्याला सांगितले होते की म्हातारी वकिलाकडे जाते. तो बसला नाही, दारातच उभा राहिला.

"आई, मला काहीच नाही?"

"ओढ्यापलीकडचं शेत तुझं. आणि माझ्या वडिलांची खुर्ची."

"खुर्ची! गावात मी तोंड कसं दाखवू? लोक म्हणतील, आईने मुलाला डावललं."

"मुलींना रोज डावलतात, तेव्हा लोक काय म्हणतात?"

तो म्हणाला, "तुला वाटतं मला माहीत नाही? शाळेत पोरं मला आजोबाचा मुलगा म्हणायची. मी काय मागून जन्माला आलो?"

हे तो मला प्रथमच बोलला. सेहेचाळीस वर्षांत. माझा राग क्षणभर थांबला. मी म्हटले, "नाही रे. तू मागितलं नाहीस, मीही नाही. मग आपल्या लेकीला त्याच खुर्चीत बसवायला का निघालास?"

तो म्हणाला, "ते मला रोज टोचतात, आई. दुकानात येऊन बसतात."

"मग दुकानातून उठव."

तो निघून गेला. मी त्याला हे लिहून ठेवते: आहामेफुला, तू माझा मुलगा आहेस. माझ्या वडिलांचे नाव चालवायचे यंत्र नाहीस. शेत तुला देते कारण त्याची माती चांगली आहे, आणि लहानपणी तू तिथे माझ्या पाठीमागे बिया टोचत यायचास. खुर्ची देते ती बसायला नाही. तिचे काय करायचे ते तू ठरव. जाळलीस तरी मी खालून काही म्हणणार नाही.

सून नेन्ना हिला माझे सगळे लुगडे-कापड, मण्यांच्या दोन माळा, आणि माझी माफी. बाळंतपणानंतर तिला लागेल असे काही मीही बोलले होते. ते मी विसरलेले नाही, तीही विसरली नसेल.

बँकेतली शिल्लक कोसीच्या शिक्षणाला. उरेल ते धाकटीच्या.

कलम ८. भाऊबंद.

इबेकवे यास माझ्याकडून काहीही नाही. वडिलांची मानाची लाल टोपी आणि हातातली काठी त्याला हवी असल्यास न्यावी. दोन्हीला वाळवी लागली आहे.

कलम ९. दफन.

कोला फोडल्याबद्दल भाऊबंदांनी मला दंड केला. मी भरला नाही. तेव्हा मार्चच्या सभेत त्यांनी ठराव केला की ओझोएमेना मेल्यावर कोणीही भाऊबंद तिची कबर खणणार नाही, शवपेटी उचलणार नाही, माती टाकणार नाही. आमच्याकडे कबर पुरुषच खणतात. या धाकाने भल्याभल्यांनी गुडघे टेकले आहेत. इबेकवेने हा निरोप अझुकाकडे पाठवला, आणि वर म्हणाला, "आता बघू म्हातारी किती दिवस ताठ राहते."

मी घाण्यावर गेले. इंजिन बंद करायला लावले. सहाही बायकांना विचारले, "तुम्हाला खड्डा खणता येतो का?" सगळ्यांत थोरली म्हणाली, "अम्मा, शौचालयाचे खड्डे आम्हीच खणतो. हा तर छोटा."

मागच्या शनिवारी, आणि रविवारी चर्च सुटल्यावर, त्यांनी, माझ्या दोन मुलींनी आणि नेन्नाने घाण्यामागच्या माझ्या खरेदीच्या जमिनीत माझी कबर खणली. तांबडी माती होती, वर घट्ट, खाली मऊ. मी स्टुलावर बसून पाहत होते आणि कोपरे सरळ करा म्हणून ओरडत होते. रस्त्यावर माणसे जमली. रविवारी दुपारी आहामेफुला आला. अझुकाने त्याच्यासमोर फावडे धरले. त्याने ते हातात घेतले, बराच वेळ उभा राहिला, आणि खाली ठेवून गेला. गेला तो इबेकवेच्या घराकडे नाही, न्नेवीच्या रस्त्याला. मी त्याचे नाव या कागदातून काढलेले नाही.

मला त्या कबरीत पुरावे. वडिलांच्या अंगणात नेऊ नये. तोफेचे बार काढू नयेत, ते पुरुषांसाठी असतात आणि मला आता त्यांचा पुरुष राहायचे नाही. शवपेटी बायकांनी उचलावी, घाण्यावर त्या रोज याहून जड पोती उचलतात. कोसीने सुट्टी काढून यावे. परीक्षा असेल तर येऊ नये.

भाऊबंदांना आमंत्रण नाही आणि मनाईही नाही. आले तर बसायला बाक द्यावा. त्यांनी खणणार नाही म्हटले, ते खणून झाले. उचलणार नाही म्हटले, ते उचलणाऱ्या ठरल्या. कबरीवर पत्रे टाकून ठेवले आहेत, म्हणजे पाऊस आत जाणार नाही. आता मला नाकारण्यासारखे त्यांच्याजवळ काही उरलेले नाही.

या कागदाची अंमलबजावणी वकीलबाई उझोमा अनिग्बोगू आणि माझी मुलगी अझुका यांनी करावी.

हा कागद मी सांगितला, वकीलबाईंनी लिहिला, मला इग्बोत मोठ्याने वाचून दाखवला. दोन ठिकाणी त्यांनी माझे शब्द मऊ केले होते, ते मी पुन्हा होते तसे करून घेतले. मग खालच्या दोघांसमोर सही केली. त्या दोघांना या कागदातून काहीही मिळणार नाही.

(सही) ओझोएमेना, उग्बोमाची मुलगी

साक्षीदार:
१. (सही) ग्रेस ओन्वुआचू, परिचारिका, गावचे आरोग्य केंद्र
२. (सही) सिल्वानस एझेन्वा, धर्मशिक्षक. मी भाऊबंदांपैकीच आहे. मार्चच्या सभेत त्या ठरावाच्या बाजूने मी हात वर केला होता. ही सही मी विचार करून करत आहे.

ठिकाण: उमुओकाला, घाण्याची शेड
दिनांक: ९ एप्रिल २०२५